प्रसूतिगृहाचे दार उघडणाऱ्या डॉ. रखमाबाई

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यात कौतुकाचा अंश थोडा व भीतीचा अंश अधिक आहे, हे ज्यांनी जुनी घरे पाहिली आहेत त्यांस निराळे सांगावयास नको. आपल्या अनेक कुटुंबांतून जुन्या वंशावळी जपून ठेवलेल्या आहेत. त्या सहज चाळल्या तरी एकाच कर्त्या पुरुषाच्या नावापुढे प्रथम कुटुंब, द्वितीय कुटुंब, क्वचित तृतीय कुटुंब अशा नोंदी आढळतात. द्वितीय कुटुंब का करावे लागले, प्रथम कुटुंब कोणत्या वयात व कशाने निवर्तले, हे वंशावळ सांगत नाही; कित्येकदा त्या माउलीचे नावही सांगत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारावे, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते की, ती बाळंतपणात गेली.

ज्या थोड्या व्यक्तींनी हे मरण अटळ नाही असे ओळखून त्याच्याशी झुंज घेण्यात आपले आयुष्य वेचले, त्यांत डॉ. रखमाबाई यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे नाव आज बहुतेकांस एका गाजलेल्या खटल्यामुळे ठाऊक आहे. त्या खटल्यानंतर त्यांनी पस्तीस वर्षे स्त्रियांची बाळंतपणे व आजार यांची जी सेवा केली, ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खटला लढणारी रखमाबाई आणि प्रसूतिगृह चालविणारी रखमाबाई या दोन निराळ्या व्यक्ती नव्हेत. दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न होता. रखमाबाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत, त्यांचा जन्म सुतार ज्ञातीतील कुटुंबात झाला. तथापि ज्यांच्या कार्याचा लाभ सर्वांच्या लेकीसुनांना झाला, त्यांचे चरित्र कोणत्याही ज्ञातीच्या स्मरणिकेत शोभूनच दिसेल.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबई येथे झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व मातोश्रींचे नाव जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्यांस वैधव्य आले. आज ज्या वयात आपल्या मुली शालान्त परीक्षेची तयारी करीत असतात, त्या वयात या मुलीच्या आयुष्यातील लग्न, बाळंतपण व वैधव्य हे तिन्ही प्रसंग उरकून गेले होते. पतीच्या पश्चात त्यांच्याकडे आलेली मालमत्ता त्यांनी आपल्या मुलीच्या नावे करून दिली. त्यांच्या ज्ञातीत विधवाविवाहास मज्जाव नव्हता. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचा पुनर्विवाह मुंबईतील सुविख्यात डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. रखमाबाई त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या.

हे सखाराम अर्जुन मोठे विद्वान गृहस्थ होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापक सभासदांत त्यांची गणना होते. वैद्यकशास्त्रावर, त्यात प्रसूतीच्या विषयावरही, त्यांनी मराठीतून ग्रंथरचना केली होती. सामान्य वाचकाला स्वतःच्या भाषेत हे ज्ञान मिळावे, हा विचार त्या काळी किती पुढचा होता याची कल्पना सहज येईल. रखमाबाईंना सावत्र वडील लाभले खरे, परंतु त्यांचे ज्ञान व संस्कार मात्र त्यांना सख्ख्या मुलीप्रमाणे मिळाले.

असे असूनही लोकरीतीचा पगडा त्या घरावरही होता. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. दादाजींनी सासुरवाडीसच राहून शिक्षण घ्यावे व पुढे संसारास लागावे, असा बेत होता. तो पार पडला नाही. शिक्षणात मन न रमल्याने दादाजी घर सोडून आपल्या मामाकडे राहू लागले. इकडे रखमाबाई वयात आल्या. पत्नी वयात आली की तिला पतीच्या घरी पाठवून गर्भाधानाचा विधी उरकून घ्यावा, अशी त्या काळची सर्वसाधारण चाल होती. डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी त्यास संमती दिली नाही. अपक्व वयातील मातृत्व मुलीच्या शरीराची काय दशा करते, हे ते वैद्य या नात्याने जाणून होते. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि वाचनालयातून मिळतील ती पुस्तके वाचून त्यांनी आपले ज्ञान वाढविले.

वर्षे लोटली. १८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून पत्नीस आपल्या घरी पाठवावे अशी मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. याच सुमारास, १८८५ साली, सखाराम अर्जुन मृत्यू पावले आणि वीस वर्षांच्या या मुलीचा मोठा आधार नाहीसा झाला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निर्णय रखमाबाईंच्या बाजूने दिला. जे लग्न मुलीच्या अजाण वयात, तिची संमती न घेता लावले गेले, त्याच्या आधारे तिला प्रथमच पतीच्या घरी जाण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर एका हिंदू स्त्रीने लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. नाव गुप्त ठेवलेली ती लेखिका म्हणजे स्वतः रखमाबाईच होत्या.

दादाजींनी अपील केले, खटला पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निराळा हुकूम दिला. रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिने कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. या प्रकरणाने सारा देश ढवळून निघाला. लोकमान्य टिळकांनी रखमाबाईंच्या बाजूस विरोध केला. धर्मशास्त्राने बांधलेल्या विवाहबंधनात परकीय सत्तेच्या न्यायालयाने ढवळाढवळ करावी, हे त्यांस मान्य नव्हते. बेहरामजी मलबारी व अन्य सुधारकांनी रखमाबाईंस साहाय्य केले. दोन्ही पक्षांत देशहिताची कळकळ असलेली माणसे होती, हे आज शांतपणे पाहता मान्य करावे लागते. परंतु ज्या देहावर हा वाद चालला होता तो देह एका स्त्रीचा होता, आणि गर्भारपण व बाळंतपण यांचे ओझे शेवटी त्याच देहाला वाहावयाचे होते, ही गोष्ट वादाच्या गदारोळात फार थोड्यांच्या ध्यानी आली. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड होऊन दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम निघाला त्याच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले. आनंदीबाई वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या होत्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांतच दगावले होते. ते दुःख मनात घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण कामावर रुजू होण्यापूर्वीच, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत, त्यांस मृत्यूने गाठले. महाराष्ट्राच्या स्त्रियांना जी वैद्यकीय सेवा आनंदीबाईंकडून मिळावयाची ती अशी ओठाशी येऊन राहून गेली. ते अपुरे राहिलेले काम पुढे ज्यांनी नेले त्यांत रखमाबाई प्रमुख ठरल्या.

डॉक्टर होण्याच्या त्यांच्या इच्छेस बळ दिले ते डॉ. एडिथ पीची या इंग्रज विदुषीने. एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी १८६९ साली ज्या सात स्त्रियांनी झगडा केला, त्यांपैकी या एक. मुंबईत स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनीच उपचार करावेत या हेतूने १८८३ च्या सुमारास मोठा निधी जमा झाला, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून कामा रुग्णालय उभे राहिले व १८८६ साली ते सुरू झाले. त्या कामासाठी डॉ. पीची मुंबईस आल्या होत्या. त्यांच्या प्रोत्साहनाने व हितचिंतकांनी जमविलेल्या द्रव्याच्या साहाय्याने रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या. लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८९४ साली त्या पूर्ण डॉक्टर झाल्या.

तेथे त्यांनी जी विद्या घेतली तिचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या आपल्या बाळंतपणाची रीत आठवली पाहिजे. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी, वारा न लागणारी खोली. तीत शेगडी पेटती, ओव्याची व शेपांची धुरी चाललेली. सोयराची शिवाशीव म्हणून अंथरूण-पांघरूण जुनेर, टाकाऊ. सुईण येई, तिच्या हातात अनुभवाचे कसब असे, कित्येक अवघड बाळंतपणे ती सुखरूप पारही पाडी. तिला दोष देण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु डोळ्यांस न दिसणारे जंतू हातांवाटे व हत्यारांवाटे शरीरात शिरतात, हे तिला कोणी शिकविलेले नव्हते. नाळ कापावयास घरातील विळा किंवा जे हाती लागेल ते शस्त्र घेतले जाई. मग पाचव्या-सहाव्या दिवशी मूल अंगावर पिण्याचे बंद करी, त्याचे शरीर ताठ होई व ते दगावे. तो धनुर्वात असे, परंतु घरातील माणसे सटवाईला बोल लावीत. आई तापाने फणफणे व काही दिवसांत जाई. तो सूतिकाज्वर असे, परंतु लोक त्यास बाहेरची बाधा म्हणत. मूल आडवे आले, वार अडकली, रक्तस्राव थांबेना, अथवा बाळंतीण फेफरे आल्यासारखी झटके देऊ लागली, तर मग देवास हात जोडण्यावाचून घरच्यांच्या हाती काही उरत नसे.

युरोपातही अवस्था याहून फार बरी नव्हती. १८४७ साली व्हिएन्ना येथील डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि त्यांच्या प्रसूतिविभागातील मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे १८६७ साली डॉ. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा उपयोग करून जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रखमाबाई लंडनला शिकत होत्या तोवर ही पद्धत तेथील शिक्षणाचा पाया बनली होती. स्वच्छ हात, उकळलेली हत्यारे, उजेडाची खोली आणि वेळीच ओळखलेला धोका या चार गोष्टींनी हजारो माता वाचू शकतात, ही विद्या घेऊन त्या मायदेशी परतल्या.

परत आल्यावर काही काळ मुंबईस काम करून १८९५ साली त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. भारतात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. खरी परीक्षा येथेच होती. इमारत होती, खाटा होत्या, औषधे होती, विलायतेस शिकून आलेली स्त्री-डॉक्टर होती. नव्हत्या त्या बाळंत होणाऱ्या स्त्रिया. रुग्णालय म्हणजे मरावयास जाण्याची जागा, अशी लोकांची समजूत होती. परजातीच्या हातचे पाणी प्यावे लागेल, सोयर पाळले जाणार नाही, परपुरुषाची दृष्टी पडेल, घराण्याची अब्रू जाईल, अशा नाना शंका होत्या. आणि या शंकांचे निवारण झाले तरी जावयाचे की नाही हे ठरविणार कोण? जिच्या पोटात कळा येत असत, तिला कोणी विचारीत नसे. सासू, सासरे, पती, घरचे उपाध्ये यांचे मत जुळेतो घटका निघून जात आणि रुग्णालयाच्या दारी गाडी आली तरी कित्येकदा ती फार उशिरा येई.

या अडचणीतून रखमाबाईंनी कशी वाट काढली, याची एक आठवण सांगतात. त्यांनी म्हणे एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिची प्रसूती तेथे सुखरूप करून दाखविली. जिथे मुके जनावर सुखाने विते तिथे माणसास भय कसले, हे न बोलता सांगण्याची ही त्यांची रीत. व्याख्यानाने जे साधले नसते ते या साध्या दृश्याने साधले. ज्या स्त्रीला स्वतः न्यायालयात उभे राहून, माझ्या देहाविषयी मला न विचारता ठरवू नका, असे सांगावे लागले होते, तिला दुसऱ्या स्त्रीच्या मनातील भीती हिणवून नव्हे, तर समजून घेऊन घालवावी लागते, हे पक्के ठाऊक होते. बायका हळूहळू येऊ लागल्या. एक सुखरूप घरी परतली की तिच्या आळीतील दुसरी येई. रुग्णालयाची कीर्ती अशी तोंडातोंडी पसरली. प्लेगच्या भयंकर साथीने गावेच्या गावे ओस पडली त्या वर्षांतही रखमाबाई सुरतेस आपल्या कामावर ठाम राहिल्या.

सुरतेस सुमारे दोन तपे काढल्यावर त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात प्रमुख म्हणून गेल्या. काठेवाडच्या त्या भागात पडद्याची चाल विशेष कडक होती. पुरुष डॉक्टरने नाडी पाहावयाची तरी पडद्याआडून, अशा घराण्यांतील स्त्रियांस रखमाबाई प्रत्यक्ष भेटू शकत, तपासू शकत, त्यांच्याशी बोलू शकत. स्त्री-डॉक्टर असणे ही तेथे सोय नव्हती; तिच्यावाचून वैद्यकीय मदत पोचणेच शक्य नव्हते. वयाची पासष्टी जवळ येईपर्यंत त्यांनी हे काम केले. निवृत्तीच्या सुमारास पडद्याची चाल बंद व्हावी, असे प्रतिपादणारी एक पुस्तिका त्यांनी लिहिली. तीस-पस्तीस वर्षे पडद्याआडचे आजार पाहिलेल्या डॉक्टरचे ते मत असल्याने त्यास निराळे वजन होते.

त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेस रूढ असलेला पांढरा वेष पत्करला असे सांगतात. ज्या विवाहबंधनास त्यांनी न्यायालयात आव्हान दिले, त्याच्या अखेरीस त्यांनी हे का करावे, याचा उलगडा त्यांनी कोणापाशी केल्याचे ऐकिवात नाही. थोर माणसांच्या मनाचे सर्वच कप्पे इतरांस खुले नसतात. निवृत्तीनंतर त्या मुंबईस येऊन राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, एक्क्याण्णवे वर्ष चालू असता, त्यांचे निधन झाले. अकराव्या वर्षी बोहल्यावर चढविलेली ती मुलगी स्वतंत्र भारतात हिंदू विवाहाचा नवा कायदा झाला त्याच वर्षी निजधामास गेली.

रखमाबाईंच्या खटल्याने जे विचारमंथन सुरू झाले, त्याचे पुढे कायद्यात रूपांतर झाले. १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. त्या वेळी लंडनला असलेल्या रखमाबाईंनीही तेथील नियतकालिकात बालविवाहाविरुद्ध लेख लिहिला होता. १९२९ साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले. पुढे १९७८ साली ते अठरा झाले आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने तेच कायम राखून शिक्षा कडक केली. दहापासून अठरापर्यंतच्या या आठ वर्षांच्या वाटचालीस जवळजवळ नव्वद वर्षे लागली. मुलीचे वय आणि बाळंतपणातील धोका यांचा संबंध वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केला आहे. कोवळ्या वयात कटीची हाडे पुरती वाढलेली नसतात, मूल अडते, रक्तदाब चढून झटके येतात, आई व मूल दोघांचेही प्राण संकटात पडतात. विवाहाच्या वयाचा प्रश्न हा म्हणूनच बाळंतिणीच्या आरोग्याचा पहिला प्रश्न होय.

आता आपल्या काळाकडे वळू. सरकारी नोंदीनुसार २००४ ते २००६ या काळात महाराष्ट्रात दर एक लक्ष जिवंत जन्मांमागे १३० माता मृत्यू पावत. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ३३ वर आला. सर्व देशाचा आकडा याच काळात २५४ वरून ९७ पर्यंत उतरला. २०१९ ते २०२१ या वर्षांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ९५ बाळंतपणे रुग्णालयात झाल्याचे आढळले. जननी सुरक्षा योजना, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, गावोगावच्या आशाताई यांचे हे श्रेय आहे. रखमाबाईंनी सुरतेस पाहिलेल्या रिकाम्या खाटा आठवल्या म्हणजे हा पालट केवढा मोठा आहे ते कळते.

तथापि त्याच पाहणीत आणखी दोन आकडे आहेत, तेही आपण नजरेआड करू नयेत. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झाले होते. आणि देशातील गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. प्रस्तुत लेखकाने शिक्षकी पेशात अनेक वर्षे जूनमध्ये नववी-दहावीचा पट वाचला आहे. एप्रिलपर्यंत नियमित असलेले एखादे नाव पुकारावे आणि वर्गातून तिचे लग्न झाले असे उत्तर यावे, हा अनुभव एकदोनदा आलेला नाही. ती मुलगी अभ्यासात हुशार असे. पुढे ती कोणत्या वयात आई झाली व कशी झाली, याची नोंद शाळेच्या पटावर राहत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, चरित्र वाचून हात जोडणे सोपे असते. रखमाबाईंचे चरित्र आपल्याकडे त्याहून अधिक काही मागते. रुग्णालये सरकार बांधील, दानशूर गृहस्थ बांधतील, डॉक्टर तेथे येतील. परंतु घराचा उंबरठा ओलांडून गर्भवतीस वेळेवर तेथे पोचविण्याचे काम कोणतेही सरकार करू शकत नाही. तो निर्णय घरात होतो. आपल्या घरात तो कसा होतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

गर्भ राहिल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदविले जाते काय? सुनेच्या रक्ताची व रक्तदाबाची तपासणी वेळच्या वेळी होते काय? लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, त्या ती खरोखर घेते, की मळमळते म्हणून फडताळात पडून राहतात? घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले तिच्या वाट्यास येते, की तिच्यासाठी आधी वाढले जाते? कळा सुरू झाल्यास कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे, वाहन कोणाचे, सोबत कोण, रक्त लागल्यास देणारे कोण, हे नवव्या महिन्याच्या आत ठरलेले असते काय? डोके भयंकर दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हातापायांस व तोंडावर सूज, अंगावरून रक्त जाणे, मुलाची हालचाल मंदावणे ही लक्षणे घरातील पुरुषांसही माहीत असावयास हवीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, तिला काय होते हे तिलाच विचारले जाते काय? पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी येते ही आपली चाल गोड आहे, परंतु प्रवासाचा दिवस कोणता व ती प्रवास करण्याजोगी आहे की नाही, हे डॉक्टरांस विचारून ठरवावे.

आपल्या मंडळासही येथे करण्यासारखे काही आहे. वधूवर नोंदणी करताना मुलीच्या वयाचा दाखला पाहिल्याखेरीज नाव घेऊ नये, मग ते कितीही प्रतिष्ठित कुटुंबातील असो. गुणगौरवाच्या समारंभात दहावी-बारावीच्या मुलामुलींचा सत्कार आपण करतोच. परिचारिका, प्रसाविका व डॉक्टर होणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देण्याचा विचार कार्यकारिणीने करावा. गरजू कुटुंबातील गर्भवतीस तातडीच्या वेळी वाहन व रक्त मिळावे यासाठी तरुण सभासदांची एक यादी प्रत्येक गावात तयार ठेवावी. यास फार द्रव्य लागत नाही, माणसे लागतात, आणि माणसे आपल्याकडे आहेत.

रखमाबाईंनी एके काळी सहा महिन्यांचा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली, ती स्वतःच्या देहाविषयी स्वतःस बोलता यावे म्हणून. पुढे त्यांनी पस्तीस वर्षे जी दारे उघडी ठेवली, ती इतर स्त्रियांस तेथे वेळेवर येता यावे म्हणून. ती दारे आज गावोगाव उघडी आहेत. आपल्या घरातील लेकीसुना तेथवर योग्य वयात, योग्य वेळी व निर्भय मनाने पोचतील, अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली, तर त्या थोर स्त्रीचे ऋण अंशतः तरी फिटेल.